घरातली जागल: स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांना सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वावरात रानडुकरं शिरायला लागली की जागल पाळीनं लागते. आज थोरला, उद्या धाकटा, परवा सालदार. एकाच माणसानं चार वर्षं रोज रात्री मचाणावर बसावं असं कोणी म्हणत नाही, कारण तो टिकणार नाही हे सगळ्यांना कळतं. घरात आई किंवा बाबा रात्रभर जागे राहायला लागले की मात्र ही जागल एका लेकीवर, सुनेवर किंवा घरी राहिलेल्या एका मुलावर येऊन पडते आणि तिची पाळी लागत नाही. इथली उत्तरं त्या एका माणसासाठी आहेत. आजाराची माहिती त्याचा भार हलका होण्यापुरतीच दिली आहे.

हा म्हातारपणाचा विसर आहे की आजार?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि तासाभरानं आठवणं म्हणजे वय. चाळीस वर्षं चहा केलेली आई गॅस पेटवून चहापत्तीचा डबा हातात धरून नुसती उभी राहते, किंवा बियाण्याचा हिशोब तोंडी करणाऱ्या बाबांना पन्नासाची मोड जमेनाशी होते, तेव्हा तपासणी करा. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, थायरॉईड, सोडियम आणि क्रिएटिनिन पाहतात. बहुतेक वेळा डोक्याचा सीटी स्कॅनही सांगतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, किंवा महिनाभरापूर्वी बाजेवरून पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, यांतही माणूस असाच विसराळू होतो आणि यांवर उपचार होऊ शकतात. या गोष्टी तपासल्याशिवाय 'आता काही होणार नाही' असं ठरवू नका.

विदर्भात असाल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं शासकीय मेडिकल कॉलेज किंवा एम्स, आणि यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जे जवळ पडेल तिथे जा. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत न्या आणि काय-काय बदललं, कधीपासून, ते दहा ओळींत लिहून न्या. पेशंटसमोर हे सगळं तोंडी सांगायला संकोच वाटतो आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं.

तपासणीचा फायदा सांभाळणाऱ्यालाही होतो. आजाराला नाव मिळालं की 'मुद्दाम करते', 'बुढा चळला', 'कोणीतरी करणी केली' ही बोलणी घरात कमी होतात. अंगारे-धुपाऱ्यानं मनाचं समाधान होत असेल तर होऊ द्या. पण मारहाण, उपाशी ठेवणं, धुरी देणं असे प्रकार करणारा मांत्रिक उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

परवापर्यंत ठीक होतं, दोन दिवसांत एकदम बिघडलं. आजार वाढला का?

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. दोन दिवसांत माणूस बरळायला लागला, ग्लानीत गेला किंवा कपडे ओढायला लागला तर कारण बहुधा दुसरंच असतं: लघवीतला संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी कमी होणं, चार दिवस संडास न होणं, किंवा नवीन गोळी. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सर्दीची झोप आणणारी गोळी आणि दुकानातून परस्पर आणलेली झोपेची गोळी, या दोन्हींनी गोंधळ वाढतो आणि माणूस पडतो. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आणलेली गोळी देऊच नका.

रात्रभर जागरण होतं. किती दिवस चालवायचं?

जमेल तितकं लवकर थांबवा, कारण सांभाळणाऱ्याचं बाकी सगळं इथूनच बिघडतं. झोप तुटली की चिडचिड वाढते, रक्तदाब वाढतो, औषध दोनदा दिलं जातं, चुलीवर दूध उतू जातं. लागोपाठ पाच-सहा तास झोप ही सांभाळणाऱ्याची गरज धरा आणि पाळी तिच्याभोवती लावा. घरात दोघं असतील तर रात्री ९ ते २ एक, २ ते ७ दुसरा. पाळी संपलेल्यानं दुसऱ्या खोलीत झोपायचं. त्याच खोलीत झोपलं तर कान उघडेच राहतात. एकटंच कोणी असेल तर आठवड्यातल्या दोन रात्री बहीण, दीर, भाचा यांच्यापैकी कोणाच्या ते नाव आणि वार लिहून भिंतीवर लावा. 'लागलं तर सांग' ही मदत नव्हे. मंगळवार आणि शुक्रवार, ही मदत.

रात्रीची तयारी सकाळी सुरू होते. सकाळच्या उन्हात अर्धा तास बसवा, मारुतीच्या देवळापर्यंत चालवून आणा. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका. चहा तीननंतर बंद. दिवसभराचं बरंचसं पाणी संध्याकाळी सहाच्या आत पोटात जाऊ द्या आणि झोपताना लघवीला नेऊन आणा. अंधारात खुंटीवरचा सदरा माणूस वाटतो, म्हणून तो काढा आणि मोरीपर्यंत झिरोचा बल्ब राहू द्या. गुडघे-कंबर दुखत असेल तर माणूस ते सांगत नाही, नुसता उठबस करतो. डॉक्टरांना दुखण्याबद्दल मुद्दाम विचारा. डोनेपेझिल ही स्मृतिभ्रंशाची गोळी रात्री देत असाल आणि भयानक स्वप्नं पडत असतील तर ती गोळी सकाळी देता येईल का, हेही विचारा. अनेकांना तेवढ्यानं फरक पडतो.

आणि एक साधी गोष्ट. बैलाच्या गळ्यातली घुंगराची माळ दाराच्या कडीला बांधा. दार हललं की ती वाजते. आता दार उघडेल का, मग उघडेल का, म्हणून अर्धवट झोपायची गरज राहत नाही.

संध्याकाळ झाली की आई म्हणते, "मले घरी जाचं हाय." स्वतःच्याच घरात बसून. काय सांगायचं?

'हेच तर घर आहे' असं दहा वेळा सांगून ती दहा वेळा रडते आणि तुम्ही दमता. ती ज्या घराबद्दल बोलते ते बहुतेक वेळा माहेर असतं, आणि तिला हवं असतं ते सुरक्षित वाटणं. "तुझ्या घरी कोण-कोण होतं गं?" असं विचारा, बोलू द्या, सांदवाडीतून, म्हणजे परसातून, एक चक्कर मारून परत या. दिवेलागणीच्या अर्धा तास आधीच सगळे दिवे लावा. अंधुक उजेडात ही घालमेल वाढते.

सासू मला चोर म्हणते. गावभर सांगते की जेवायला देत नाही.

सगळ्यात जास्त दुखवणारं हेच असतं, आणि ते बहुतेक सुनेच्या वाट्याला येतं. कारण जी सतत समोर असते तिच्यावरच संशय येतो. पैसे स्वतःच उशीच्या अभ्र्यात किंवा तांदळाच्या कोठीत ठेवलेले असतात. ठेवल्याची आठवण पुसलेली असते, पैसे नाहीत एवढंच कळतं. आता ही रिकामी जागा मेंदू जवळच्या माणसानं भरतो. "माहे पैसे कोनं नेले?" यावर "मी नाही घेतले" असं उत्तर दिलं की भांडण सुरू. "चला, मिळून शोधू" म्हणा. लपवण्याच्या तीन-चार जागा हळूहळू माहीत होतात. सारखाच दिसणारा दुसरा बटवा आणून त्यात दहा-दहाच्या नोटा ठेवा. जेवणाचं असेल तर ताट तासभर उचलू नका. खरकटं ताट दिसलं की वाद कमी होतो. पुन्हा मागितलंच तर अर्धी भाकर, एक केळं द्या.

गावाला समजावण्याचं काम सुनेनं करायचं नाही. तिच्या नवऱ्यानं चार घरी स्वतः जाऊन सांगायचं: आईला मेंदूचा आजार आहे, ती असं बोलेल, खरं मानू नका. नवऱ्यानं हे एवढं केलं तर सुनेचं अर्धं ओझं उतरतं. आणि घरात, तिच्यासमोर, 'तू करते ते मला दिसतं' हे बोलून दाखवायलाही लाजू नये.

राग आवरत नाही. एकदा हात उगारला गेला. मी वाईट आहे का?

नाही. पण ही धोक्याची खूण आहे, तिच्याकडे डोळेझाक करू नका. राग चढतोय हे अंगाला आधी कळतं: दात आवळतात, आवाज वर जातो, हात घट्ट होतात. त्या क्षणी पेशंटला बसतं करा, चूल-गॅस बंद आहे ना बघा, आणि खोलीबाहेर जा. दहा मिनिटं. आंघोळ अर्धी राहिली तरी चालेल, अंगावर कोरडं कापड टाका आणि जा. नंतर वहीत लिहा की कशावरून झालं, किती वाजता झालं. आठ दिवसांत दिसतं की भांडण दोन-तीन ठराविक वेळीच होतं, बहुतेक आंघोळ, गोळ्या आणि संध्याकाळ. त्या वेळी दुसरं माणूस उभं करता येतं.

पेशंटला बाजेला बांधू नका आणि कुलूप लावून एकटं ठेवू नका. बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जखमी होतो. कोंडलेल्याला आग लागली तर बाहेर पडता येत नाही.

मी फक्त दमले आहे की मलाच काही झालं आहे, हे कसं ओळखायचं?

दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ, मन उदास राहणं, कशातच रस नसणं, संधी मिळूनही झोप न येणं, भूक मरणं, विनाकारण रडू येणं, 'मीच नसते तर बरं' असं वाटणं. हे असेल तर ही थकल्याची गोष्ट उरली नाही, उपचाराची झाली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. वावरात, एकटं असताना फोन करा.

मरणाचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा आणि फवारणीची औषधं, उंदराचं औषध घराबाहेर काढा. वावरातल्या खोलीत लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवा आणि किल्ली शेजारच्या घरी द्या. पराकोटीचा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेव्हा डबा हाताशी नसणं जीव वाचवतं. पेशंटसाठीही हेच कुलूप लागतं. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध स्मृतिभ्रंश झालेला माणूस सरबत समजून पितो.

स्वतःच्या रक्तदाब-साखरेच्या गोळ्या पेशंटच्या डब्याशेजारीच ठेवा, पण डबा वेगळ्या रंगाचा. तीन महिन्यांनी पेशंटला दाखवायला जाल तेव्हा स्वतःचाही रक्तदाब मोजून घ्या. खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूचं, प्रमाण वाढलंय का, हेही बघा. जागरणात तो वाढतो, आणि पेशंटच्या हाती लागला तर घशात अडकतो.

वेचणी, रोवणी आली की घरी कोण थांबणार?

सीझन कधी येणार हे आधीच माहीत असतं, म्हणून ठरवायचं ते महिनाभर आधी. कापसाच्या पट्ट्यात दिवाळीपासून पुढे वेचणी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे जुलैची रोवणी आणि नोव्हेंबरची धानकापणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. या आठवड्यांसाठी गावातल्या ओळखीच्या बाईला सकाळी ९ ते ५ थांबायला सांगा आणि गावात चालते ती पूर्ण मजुरी द्या. 'तेवढं बघून घे' म्हणून फुकट ठेवलेली बाई चौथ्या दिवशी येत नाही. तिला पहिले दोन दिवस तुमच्यासोबत ठेवा आणि एका कागदावर लिहून द्या: गोळ्या कधी, लघवीला दर दोन तासांनी, काय खायला चालतं, कशावरून चिडतात, फोन कोणाला.

घरी थांबणाऱ्याची बुडालेली मजुरीही खर्चात धरा. ती कुठेच लिहिली जात नाही, म्हणून बाकीच्या भावंडांना 'घरी तर बसली आहे' असं वाटतं.

भाऊ पुण्यात, बहीण नागपुरात. सगळं माझ्यावर. त्यांना काय सांगायचं?

'तुम्ही काहीच करत नाही' असं म्हटलं की ते कारणं सांगतात. काम सांगा. एका महिन्याचा खर्च लिहा: औषधं, डायपर, गाडीभाडं, बाईची मजुरी, तुमची बुडालेली मजुरी. तो कागद सगळ्यांना एकाच वेळी पाठवा. पैशाशिवायही दुरून होण्यासारखं पुष्कळ असतं. औषधं मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, बँक-पेन्शनचे कागद पाहणं, रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करून अर्धा तास आईला बोलण्यात गुंतवणं. त्या अर्ध्या तासात तुमचा स्वयंपाक होतो. आणि वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस, त्यांनी येऊन राहायचं आणि तुम्ही घराबाहेर जायचं. आठ दिवस एकट्यानं सांभाळल्यावर फोनवरचे सल्ले आपोआप कमी होतात.

ऐपत असून कोणी खर्चच देत नसेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आधी बोलून बघा. अर्जानंतर नाती पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

आईची आंघोळ मुलगा घालू शकतो का? आणि उचलताना कंबर जाते, त्याचं काय?

घालू शकतो, आणि अनेक घरांत घालतोच. लाज दोघांनाही वाटते. पुढून उघडणारा सैल गाऊन किंवा जुनं लुगडं अंगावर राहू द्या, त्याखालून हात घालून धुवा, तोंडानं सांगत राहा: "आता पाय धुतो, माय." पाणी पायापासून वर घ्या. डोक्यावर अचानक तांब्या ओतला की त्या घाबरतात आणि मारामारी होते. रोज आंघोळ हवीच असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा आंघोळ, बाकी दिवशी ओल्या कापडानं काखा, जांघा आणि पाठ पुसली तरी पुरतं.

उचलू नका, सरकवा. झोळ पडलेल्या बाजेवरून माणूस उठवणं म्हणजे खड्ड्यातून काढणं. बाजेवर फळी टाका किंवा दिवाण घ्या. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढी उंची हवी, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. कमी असेल तर पायांखाली विटा द्या. पेशंटच्या कमरेला उपरणं घट्ट गुंडाळा. त्यांचे पाय जमिनीवर टेकवा, तुम्ही समोर गुडघे वाकवून उभे राहा, उपरण्याला दोन्ही बाजूंनी धरा, 'एक, दोन, तीन' म्हणत मागे-पुढे झोका द्या आणि तिसऱ्याला दोघं मिळून उठा. काखेत हात घालून ओढलं तर त्यांचा खांदा निखळतो आणि तुमची कंबर लचकते. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदला. एक पाठीची जखम झाली की तुमचं काम दुप्पट होतं.

उन्हाळ्यात काय जपायचं?

अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि या आजारात तहान कळत नाही. मे महिन्यात स्वेटर घालून बसलेले बाबा दिसतात. वाद न घालता, चहाच्या निमित्तानं स्वेटर काढून बाजूला ठेवा. पाणी मागायची वाट पाहू नका. सकाळपासून दर तासाला अर्धा पेला द्या, मधे मठ्ठा, पन्हं, आंबील. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कूलरला अर्थिंग आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या, कारण पेशंट चालू कूलरच्या पाण्यात हात घालतो. अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस बरळू लागला तर थंड पाण्यानं अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

बाबा घरातून निघून जातात.

गळ्यातल्या ताईताच्या आकाराच्या पत्र्यावर किंवा कड्यावर मोबाईल क्रमांक कोरून घ्या. खिशातली चिठ्ठी फेकली जाते. अलीकडचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पोलीस पाटील, बसथांब्यावरचा पानठेलेवाला आणि शाळेतली मुलं यांना सांगून ठेवा. दिसेनासे झाले की आधी विहिरीची बाजू, मग जुनं वावर, मग माहेरच्या किंवा जुन्या घराच्या रस्त्यानं. अर्ध्या तासात सापडले नाहीत तर ११२. परसातल्या उघड्या विहिरीला जाळी आजच बसवा.

बँक, सातबारा, पीककर्ज: आता सही चालत नाही. काय करायचं?

निदान झाल्या-झाल्या हे काम घ्या, समज असेपर्यंत. बँक खातं दोघांच्या नावे आणि 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीचं करा, नॉमिनी नोंदवा. मृत्युपत्र करायचं तर दोन साक्षीदारांसह आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह करा. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. कुलमुखत्यारपत्रावर फार भरवसा ठेवू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे ते कायद्यानं संपतं. त्यानंतर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. तालुका विधी सेवा समितीकडे वकील मोफत मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही.

समज गेलेल्या माणसाचा अंगठा घेऊन कर्ज नवं-जुनं करणं किंवा जमीन नावावर करणं नंतर भावंडांच्या भांडणात उलटतं. हेतू चांगला असला तरी करू नका.

सरकारी मदत काय मिळते?

७० च्या पुढे आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही; मात्र हे भरती झाल्यावर, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. ६५ च्या पुढे आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर श्रावणबाळ योजनेत दरमहा १५०० रुपये, अर्ज तहसीलमध्ये. एसटीत ७५ च्या पुढे प्रवास मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

वृद्धाश्रमात ठेवलं तर लोक काय म्हणतील?

लोक बोलतील, आणि त्यांच्यातलं कोणी रात्री दोनला येणार नाही. पण बहुतेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. म्हणून आधी विचारा: रात्री किती माणसं असतात, लंगोट कोण बदलतं, पडल्यास कोणत्या दवाखान्यात नेतात. न कळवता भेटायला जाऊन बघा.

आई मला ओळखतच नाही. ती जिवंत असताना मी रडते, हे चुकीचं आहे का?

नाही. जे गेलं आहे त्यासाठीच तुम्ही रडता. "तू कोन होय?" म्हटल्यावर "मी तुझी लेक, ओळख ना" असा परीक्षेचा प्रश्न करू नका. "मी तुझी माणूस हाय" म्हणा आणि हात धरा. नाव जातं तरी आवाज आणि स्पर्श ओळखीचा वाटणं बराच काळ टिकतं. जात्यावरची ओवी, हरिपाठ, आरती शेवटपर्यंत तोंडात येते. तुम्ही सुरू करा, ती पुढची ओळ म्हणेल.

गिळणं अवघड झालं की ताठ बसवून, लहान घासांनी, वरणात कुस्करलेली भाकर द्या आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. खाताना रोज ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

सगळं संपल्यावरही मला रात्री दोनला जाग येते.

शरीराला लागलेली जागल काही महिने सुटत नाही. सुटकेचं वाटतं, आणि त्याचीच लाज वाटते. दोन्ही एकत्र येतं. तेराव्यानंतर घर रिकामं होतं तेव्हा कोणीतरी महिनाभर रोज चक्कर टाकावी. उठण्याची वेळ एकच ठेवा, दिवसा वावरात जा, आणि दोन-तीन महिन्यांनीही झोप किंवा भूक परत आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. सांभाळण्याच्या काळात पुढे ढकललेली स्वतःची तपासणी, दात, डोळे, गर्भाशयाचं दुखणं, याच महिन्यांत करून घ्या. उरलेले डायपर, कमोडची खुर्ची, हवेची गादी आशाताईंना सांगून पुढच्या घरी पाठवता येते.